निबंध तिनं लिहावा, आपण नीट ऐकावा

(आपल्या महासंघाच्या वार्षिक सभेत झालेलं हे भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे.)

 

अध्यक्ष ताई, सचिव ताई, सगळ्या सीआरपी ताई आणि समोर बसलेल्या तुम्ही सगळ्या. तुमच्यातल्या निम्म्या जणी मला लहानपणापासून ओळखता. बैठकीत सतरंजीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसणारी पोरगी, ती मी. आईच्या गटात लिहिता येणारं कुणी नव्हतं, म्हणून सातवीत असल्यापासून गटाचं इतिवृत्त आणि हिशोब मी लिहायची. चहाच्या वेळी मला दोन बिस्किटं जास्त मिळायची, तोच माझा पगार.

मला विषय दिलाय ‘मुलींचं उच्च शिक्षण’. त्यावर मोठं भाषण मी करणार नाही. मुलींना शिकवा हे तुम्हाला सांगायची आता गरज राहिलेली नाही. तुम्ही अंतर्गत कर्ज काढून पोरींच्या फिया भरलेल्या मी स्वतःच्या हातानं वहीत लिहिल्यात. मी आज एकाच छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. काही कॉलेजांच्या अर्जात मुलीला स्वतःबद्दल एक निबंध लिहून द्यावा लागतो, त्या निबंधावर. तो कसा लिहायचा, आणि लिहिल्यावर कुणाला दाखवायचा. आणि त्यात तुमचं काम काय.

तुम्ही म्हणाल, आमचं काय काम? आम्हाला कुठं इंग्रजी येतं? थांबा, तिथंच येते मी.

आधी हा निबंध लागतो कुठं ते सांगते. आपल्याकडे बहुतेक प्रवेश बारावीच्या मार्कांवर नाहीतर सीईटी, नीट, जेईई असल्या परीक्षांवर होतात. तिथं निबंधाचा प्रश्नच नाही. पण काही ठिकाणं अशी आहेत की ते मार्क बघतातच, आणि वर विचारतात की तू कोण, काय केलंस, इथं का यायचंय, ते तुझ्या शब्दांत लिहून दे. दहावीनंतरचं एक सांगते. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, १९९७ पासून. देशोदेशीची मुलं तिथं दोन वर्षं राहून शिकतात. फी ऐकली तर चक्कर येईल, पण घरची परिस्थिती बघून शिष्यवृत्तीही देतात. तिथल्या अर्जात लिहावं लागतं. बारावीनंतर हरियाणातल्या अशोका विद्यापीठासारखी खाजगी विद्यापीठं आहेत, तीही परिस्थितीप्रमाणे फी माफ करतात. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना एकच सामाईक अर्ज चालतो, त्यात जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध असतो. इंग्लंडमध्ये पदवीला जायचं तर आता तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात.

पदवीनंतर बाहेर शिकायचं म्हटलं तर जवळजवळ सगळीकडे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात. म्हणजे कशासाठी शिकायचंय त्याचं निवेदन. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलामुलींना मिळते, पण त्यासाठी आधी परदेशातल्या विद्यापीठानं प्रवेश दिलेला असावा लागतो. आणि त्या प्रवेशासाठी परत हे लिहिणं आलंच. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले राजू केंद्रे ब्रिटन सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनला शिकून आले. त्यांची एकलव्य संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना असे अर्ज कसे करायचे ते शिकवते. म्हणजे आपल्यासारख्या घरातली मुलं तिथवर पोचतात. त्या रस्त्यात हा निबंध आडवा येतो.

आता माझी गोष्ट. जरा लाज वाटते सांगायला, पण घरच्याच माणसांत आहे.

बी.ए. झाल्यावर मी एका मोठ्या विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज केला. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. अर्जात स्वतःबद्दल लिहायचं होतं. मला काही सुचेना. तालुक्याला एक दुकान होतं, फॉर्म भरून देणारं. तिथल्या माणसानं पाचशे रुपये घेतले आणि म्हणाला, “मी लिहितो फक्कड. गरिबी जेवढी जास्त दाखवशील तेवढी शिष्यवृत्ती पक्की.” त्यानं दोन पानं इंग्रजी लिहिलं. निम्मे शब्द मला कळत नव्हते. मी वाचलं न वाचलं आणि पाठवून दिलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. समोर तीन जण. एका मॅडमनी माझाच निबंध हातात धरून विचारलं, “तुमच्या वडिलांचा शिक्षणाला विरोध होता असं तुम्ही लिहिलंय. त्यातून तुम्ही मार्ग कसा काढला?” माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कारण असा विरोध कधी झालेलाच नव्हता. ते त्या दुकानवाल्यानं घातलं होतं. मी काहीतरी पुटपुटले. मॅडमनी कागद खाली ठेवला. यादीत माझं नाव आलं नाही.

त्या रात्री आईनं विचारलं, “असं लिवलं तरी काय हुतंस?” मी तिला तो निबंध मराठीत करून वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. त्यात होतं की माझी आई अडाणी आहे, रोज रडते, आम्ही उपाशी झोपतो, वडील शिकू देत नाहीत.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी कवा रडताना दिसले गं तुला? आन् तुझा बाप रोज पहाटं सायकलवरनं तुला फाट्यावर सोडायला येत हुता, बॅटरी धरून. ते कुठं हाय ह्यात?”

मला नाव न लागल्याचं जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं त्या वाक्याचं वाटलं. पाचशे रुपये देऊन मी माझ्या आईबापाला खोटं पाडलं होतं. आणि कुणासमोर? ज्यांनी त्यांना कधी बघितलंही नाही अशा लोकांसमोर.

ते वर्ष मी गावातच काम केलं. पुढच्या वर्षी परत अर्ज निघाले. मी म्हटलं, आता नको. आई म्हणाली, “भर. पण ह्या टायमाला आधी मला सांग काय लिवणार हायस.” आणि तिनं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तायांनो, ते प्रश्न मला पाठ होते. बैठकीत कुणी कर्ज मागितलं की तुम्ही जे विचारता ना, तेच. कशाला पाहिजे? किती पाहिजे? आधी घेतलेलं काय केलंस? फेडणार कसं? आपल्या गटात कर्ज मागणाऱ्या बाईला कुणी ‘तू किती गरीब आहेस ते सांग’ असं विचारत नाही. सगळ्यांना सगळ्यांची परिस्थिती माहीतच असते. आपण विचारतो, तू करणार काय.

आईनं विचारलं, “तू आजवर काय केलंस?” मी म्हटलं, काय केलंय मी, काहीच नाही. ती म्हणाली, “सात वर्सं गटाची वही कुणी लिवली?”

मला तोवर ते ‘काही केलेलं’ वाटतच नव्हतं. मग मला ते दोन महिने आठवले. तुमच्यातल्या काहींना आठवत असतील. मी नववीत होते. गटात एकाच नावाच्या दोन काकू, एक वरच्या आळीच्या, एक खालच्या आळीच्या. वरच्या आळीच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, दोन महिने बैठकीला नव्हत्या. खालच्या आळीच्या काकूंनी दोन्ही महिने शंभर-शंभर रुपये बचत भरली, आणि मी ती चुकून वरच्या काकूंच्या नावावर टाकली. पासबुकं मीच भरायची, तीही वहीवरूनच भरली. रोकड बरोबर जुळत होती, म्हणून कुणाला संशय आला नाही. खालच्या काकू थकबाकीत दिसायला लागल्या. त्यांनी शेळीसाठी पाच हजार मागितले होते, ते अडले. त्या सांगत होत्या, “मी दिल्यात पैसं.” कुणी ऐकेना. वहीत तसं लिहिलं होतं ना! वही कशी चुकेल?

वरच्या काकू परत आल्या आणि दोन महिन्यांचे दोनशे रुपये द्यायला लागल्या, तेव्हा मला कळलं. त्यांच्या नावापुढं रक्कम आधीच लिहिलेली होती. माझ्या अक्षरात. त्या रात्री मला झोप आली नाही. गप्प बसले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे. पाय लटलट कापत होते. खालच्या काकू रडल्या. त्याच बैठकीत त्यांचं कर्ज मंजूर झालं. आणि त्या दिवसापासून आपल्या गटात बैठक संपताना प्रत्येकीचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत पडली.

हा माझा दुसरा निबंध. त्यात उपासमार नव्हती, रडणं नव्हतं. एक वही, दोनशे रुपये आणि माझी एक चूक.

पण लिहायच्या आधी मी खालच्या आळीच्या काकूंकडे गेले. गोष्ट माझी एकटीची नव्हती, त्यांचीही होती. त्यांना विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, “लिही की. पण मी चोर नव्हते, हे बी लिही.” ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं.

आता दाखवला कुणाला ते सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे. तीन जणांना दाखवला, तिघांकडून तीन वेगळी कामं झाली.

पहिली आई. तिला मी मराठीत वाचून दाखवला. मी सुरुवात केली होती ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून. आई म्हणाली, “देश ऱ्हाऊ दे, काकू कुठं हाय?” एक अख्खं पान उडालं. मग एका ठिकाणी म्हणाली, “हितं तू लगीच उभी ऱ्हायलीस असं लिवलंस. लगीच कुठं? रातभर तळमळत हुतीस.” ते मी घातलं. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण निबंधातलं सगळ्यात मोठं काम तिनंच केलं. खोटं आणि फापटपसारा तिनं निवडून काढला, तांदळातले खडे निवडावे तसे.

दुसरे माझ्या हायस्कूलचे सर. त्यांनी इंग्रजी सुधारलं. काळ, विरामचिन्हं, स्पेलिंग. सरांना शेवटी एक सुविचार टाकायचा होता. मी हात जोडून म्हटलं, सर, तो राहू द्या. सर हसले आणि मान्य केलं. कारण सुविचार कुणाच्याही निबंधाला चिकटवता येतो, काकू फक्त माझ्याच निबंधात होत्या.

तिसरी, असं शिक्षण आधी घेऊन आलेली एक ताई. तिनं वाचून एकच प्रश्न विचारला. “गोष्ट छान आहे. पण मग हा अभ्यासक्रम का?” ते मी लिहिलंच नव्हतं! मग शेवटचा भाग लिहिला. ज्या बाईला वाचता येत नाही तिनं वहीवर विश्वास कसा ठेवायचा, गटांचे हिशोब तिला समजतील असे कसे ठेवायचे, हे मला शिकायचंय, असं.

त्या वर्षी माझी निवड झाली, शिष्यवृत्तीसकट. पण खरं ते सांगते. एकट्या निबंधानं काही होत नाही. परीक्षा होती, मार्क होते, मुलाखत होती. चांगला निबंध लिहूनही निवड न झालेल्या मुली मी पाहिल्यात. फरक एवढाच, की दुसऱ्या वर्षी मुलाखतीत जे विचारलं ते सगळं मला सांगता आलं, कारण ते सगळं घडलेलं होतं.

कुणी म्हणेल, मग गरिबी, दुःख लिहायचंच नाही का? लिहायचं ना. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ताबाई साळवे यांचा निबंध छापून आला. जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं. पण ती कुणाची दया मागत नव्हती, जाब विचारत होती. दुःख खरं असेल, आपलं असेल, आणि त्यावर आपण काय केलं किंवा काय विचारलं हेही त्यात असेल, तर ते जरूर लिहावं. शिष्यवृत्तीसाठी घरची परिस्थिती दाखवायला उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतोच. निबंधात तोच दाखला परत लिहायचा नसतो.

आता तुमच्यासाठी. तुमची मुलगी, सून, पुतणी, शेजारची पोर कुणीही असा निबंध लिहीत असेल, तर तिला समोर बसवा, मराठीत मोठ्यानं वाचायला लावा, आणि ऐकून झाल्यावर एवढं विचारा. लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

१. यातलं सगळं खरं आहे का? न घडलेलं काही घातलंय का?

२. नाव काढून टाकलं तर ही आपलीच पोर आहे हे कळेल का? की गावातल्या कुठल्याही मुलीला हे चालेल?

३. तू स्वतः काय केलंस ते कुठं आहे? कधी, कुठं, कुणासोबत?

४. ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांना विचारलंस का? घरातलं भांडण, कुणाचं व्यसन, कुणाचं कर्ज, हे ज्याचं आहे त्याच्या परवानगीशिवाय कागदावर जाऊ नये.

५. पुढं काय करणार, आणि त्याला हेच शिक्षण का?

ऐकताना तुम्हाला कुठं कंटाळा आला, कुठं कळलं नाही, कुठं डोळे भरून आले, तेही सांगा. ‘छान आहे’ एवढंच म्हणून सोडू नका. त्यानं पोरीला बरं वाटतं, पण काही उपयोग होत नाही. आणि ‘यात काही दम नाही’ असंही म्हणू नका. कुठं अडलं ते बोट ठेवून सांगा, मग दुरुस्त करायचं तिच्यावर सोडा. तुमची सूचना तिनं नाही घेतली तर राग मानू नका. निबंध तिचा आहे.

चार गोष्टी मात्र टाळा. पैसे घेऊन लिहून देणारा आणि ‘प्रवेशाची हमी’ देणारा भेटला तर लांबूनच नमस्कार करा. हल्ली मोबाईलला सांगितलं की तो एआय दोन मिनिटांत निबंध लिहून देतो. शब्दाचा अर्थ विचारायला, चुका तपासायला ठीक आहे, पण निबंध त्याच्याकडून लिहून घेणं म्हणजे माझा दुकानवालाच, फक्त फुकटातला. इंग्लंडच्या अर्जात तर दुसऱ्याचं उतरवलेलं आहे का हे मशीनवर तपासतात, आणि अमेरिकेच्या त्या सामाईक अर्जात मशीननं लिहिलेलं आपलं म्हणून देणं हा फसवणुकीचा प्रकार धरतात. तिसरं, दहा जणांना दाखवू नका. दहा जणींनी मीठ टाकलं की आमटी खारट होते. दोघं-तिघं पुरे. चौथं, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. दीड-दोन महिने आधी पहिला कच्चा निबंध व्हावा. आठ दिवस बाजूला ठेवावा, मग परत वाचावा. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये जसे हेलपाटे होतात तसे निबंधालाही तीन-चार हेलपाटे धरून चाला.

माझी महासंघाला एक विनंती आहे. प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत वर्षातून एक तास मुलींसाठी ठेवा. ज्या मुली कुठं ना कुठं अर्ज करतायत त्यांनी आपलं लिहिलेलं वाचावं, तुम्ही ऐकावं. शिकून आलेली एखादी ताई असेल तर तिलाही बोलवा, इंग्रजी दुरुस्त करायला गावातले सर आहेतच. मी स्वतः यायला तयार आहे, एसटीचं तिकीट माझं मी काढेन.

कुठल्या कॉलेजात काय लिहून मागतात ते दरवर्षी बदलतं. म्हणून त्या-त्या वर्षीची माहिती त्यांच्या अर्जातच मुलीला नीट वाचायला सांगा. शब्दमर्यादा किती, शेवटची तारीख कोणती, फी माफीचा अर्ज वेगळा आहे का, हे तिच्याकडून वहीत लिहून घ्या.

जाता जाता एक सांगते. निवड झाली त्या दिवशी मी आईला म्हटलं, तुझ्यामुळं झालं. ती म्हणाली, “मी काय केलं? मी नुसतं ऐकलं.” खालच्या आळीच्या काकू शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, “आगं, ते चोर नव्हते म्हणून लिवलंस न्हवं?” मी म्हटलं, लिहिलं काकू, जसंच्या तसं. काकू आज इथं दुसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांना विचारूनच मी हे बोललेय.

एवढं बोलून मी थांबते. जय सावित्री, जय महाराष्ट्र!